चार कानांचा नियम

मी चुकीच्या गाडीत बसले होते, आणि ते माझ्या आधी माझ्या गुडघ्यांना कळलं.

ऑक्टोबरची सकाळ. कारखान्याच्या आवारात धुकं आणि वरून भुरभुर पाऊस. चाचणीच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेल्या, कारण बाजारात येण्याआधी त्यांचा आकार कुणाला दिसता कामा नये. मी छत्री मिटत मागचं उजवं दार उघडलं, आत घुसले, आणि दोन्ही गुडघे पुढच्या सीटवर दाणकन आपटले.

"तुमचे पाय लांब झालेत," पुढून आवाज आला, "की माझी गाडी आखूड झालीय?"

ड्रायव्हर मागे वळला नव्हता. आरशात फक्त त्याचे डोळे दिसत होते, करडे, आणि हसू दाबून धरलेले. हातात लोणी लावलेलं ब्रेझेल होतं, तो आमचा वेटोळ्याचा पाव.

"माफ करा. मला लांब गाडी हवी होती."

"ती पलीकडची. पण बसा ना, पाऊस थांबेपर्यंत. भाडं घेणार नाही."

मी थांबले नाही. पण पलीकडच्या गाडीत जाऊन बसल्यावरही, का कोण जाणे, गाल गरम होते. लांब गाडी हेच माझं काम, आणि मीच आखूड गाडीत जाऊन बसावं... दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

मी फ्रांका एबेर्ले. इथलीच, दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनची. आमच्या मोठ्या डिझेल गाडीची एक लांब आवृत्ती असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तेरा सेंटिमीटरने वाढवायचं आणि ते सगळंच्या सगळं मागे बसणाऱ्याच्या पायांना द्यायचं. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे असतो आणि ज्याच्यासाठी अशी गाडी घेतात तो मालक मागे उजवीकडे बसतो, म्हणून मीही रोज तिथेच बसते आणि ऐकते. काही ऐकू आलं तर ते घालवायचं, एवढंच काम. घरचे म्हणतात, फ्रांकाला बसून राहायचा पगार मिळतो.

पुढच्या सोमवारी आमचे जुने ड्रायव्हर हेर, म्हणजे श्रीयुत, शॉइफेले कंबर धरून घरी बसले, आणि लांब गाडीच्या स्टिअरिंगमागे तेच करडे डोळे आले.

"ताम्मो यान्सेन," तो म्हणाला. "आज गुडघे कसे आहेत?"

"रस्त्याकडे बघा, हेर यान्सेन."

तो उत्तरेकडचा, समुद्राकाठच्या फ्रीसलँडचा. तिकडची माणसं दिवसाकाठी चार शब्द बोलतात असं ऐकून होते. ह्याने आठवड्याचे शब्द साठवून आणले असावेत. आमचा रस्ता ठरलेला होता, डोंगराच्या वळणांनी चढायचं, वर मेंढ्यांच्या माळावर थांबायचं आणि उतरायचं. चढावर इंजिन अगदी सावकाश फिरवायला सांगायचे मी, कारण आमचं दुखणं तिथेच होतं.

"कसलं दुखणं?" त्याने विचारलं.

"गाडी लांब केली की इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्टही लांब होतो. तो बारीक थरथरतो, आणि ती थरथर छताला जाऊन भिडते. आखूड गाडीचं छत गप्प बसतं. आपलं ढोलासारखं घुमतं. खर्जात. ऐका... आत्ता."

गाडीत दोघंही श्वास रोखून बसलो. माझ्या डोक्याच्या वर, उजवीकडे, ती गुरगुर आली आणि गेली.

"मांजर झोपल्यासारखी," तो म्हणाला.

मी तीन वर्षं त्या आवाजासाठी शब्द शोधत होते. इतकं बरोबर कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते मला आवडलं. त्याला मात्र "बरं" एवढंच म्हणाले. आमच्याकडे कौतुक असंच करतात.

माळावर तो चहा करायचा. चहा म्हणजे त्यांचा सगळा सोहळाच. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडकल्याचा आवाज, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही.

"चमचा मग कशाला दिलाय?"

"पुरे झालं की कपात ठेवायचा. तोवर यजमान ओततच राहतो."

"आणि पाहुण्याने ठेवलाच नाही तर?"

"तर यजमानाचं नशीब," तो म्हणाला आणि किटलीत डोकावत बसला.

मी चमचा बशीतच राहू दिला.

असे दिवस जात होते. पाठीमागून मला त्याची मान दिसायची, कानामागे सरळ कापलेले केस, आणि आरशात ते डोळे. दोघांच्या मध्ये ती लांब गाडी. लोक त्या जास्तीच्या जागेसाठी केवढे पैसे मोजतात, मला ती आताशा नकोशी झाली होती.

"हेर यान्सेन, तुम्ही फार वेळा आरशात बघता."

"मागून वाहनं येतायत का ते बघतो."

"मागे एकही वाहन नाही."

"तेच... खात्री केलेली बरी."

मग उपाय सापडला. शाफ्टच्या मधल्या बेअरिंगखाली मऊ रबर घातलं आणि मागच्या फरशीखाली मुठीएवढं वजन बसवलं. मंगळवारी पहिली फेरी. चढ आला, इंजिन सावकाश झालं, मी डोळे मिटले... आणि छत गप्प. मांजर गेली होती.

पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट दोघांनी पाहिल्याशिवाय पक्की होत नाही. सगळ्या देशात त्याला चार डोळ्यांचा नियम म्हणतात, आमच्या खात्यात चार कानांचा. मायक्रोफोन काहीही सांगोत, दोन माणसांनी "शांत" म्हटल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. म्हणून मी स्टिअरिंगमागे बसले आणि ताम्मो मागे उजवीकडे.

"काय?" चढ संपल्यावर मी विचारलं.

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. "आहे अजून," तो म्हणाला. "बारीक."

बुधवारीही आहे. गुरुवारीही आहे. मी मागे बसून कान टवकारायचे, मान तिरकी करायचे, श्वाससुद्धा घ्यायचे नाही. काही नाही. आणि त्याचा कान तर पक्का होता, मीच बघितलं होतं.

माझ्या आईचे कान असेच गेले होते. ती गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. माझ्याएवढी असताना तिला आधी खर्जातले सूर ऐकू येईनासे झाले. ती म्हणायची, ऑर्गनच बिघडलाय. नंतर सगळंच गेलं. आता ती माझ्या ओठांकडे बघून बोलते. हे रक्तातून उतरतं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते.

गुरुवारी दुपारी माळावर पुन्हा भुरभुर होती. त्याने गाडीच्या मागच्या झाकणाच्या आडोशाला चहा ओतला.

"उद्या मी येणार नाही," मी म्हणाले. "कान तपासायला जातेय. आणि आपल्या साहेबांना, डॉक्टर क्नाउपना, सांगणार आहे, मला दुसरं खातं द्या."

"का?" त्याचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. आईचं, ऑर्गनचं, आणि रात्री उशीवर घड्याळ ठेवून ऐकत बसायचं तेही. "तुम्हाला ऐकू येतं आणि मला नाही, हेर यान्सेन. मला दुसरं काही येत नाही. ऐकणं सोडून मला काहीच येत नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आवाज नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारपासून नाहीये. तुमचे कान ठीक आहेत. मी... खोटं बोललो."

मला आधी कळलंच नाही. चाचणीचा माणूस चुकू शकतो. पण ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून सांगत नाही. ते आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट.

"का?"

"गाडी शांत झाली की फेऱ्या संपणार. फेऱ्या संपल्या की मला हिवाळाभर स्वीडनला पाठवणार, बर्फावरच्या चाचण्यांना. मला वाटलं, आणखी एक दिवस. मग आणखी एक." त्याने कपाकडे बघत सांगितलं. "आरशात तुम्ही नसाल, हे मला सहन होईना, फ्राउ एबेर्ले. तुमच्यावर काय बेततंय याचा विचारच केला नाही मी. गाढव आहे मी."

ज्या वाक्याची मी महिनाभर वाट पाहत होते ते आलं, आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही एकदमच वाटत होतं. बशीतला चमचा उचलला आणि कपात ठेवला.

त्याने तो बघितला आणि किटली बंद केली.

उतरताना मी मागे डावीकडे बसले, त्याच्या पाठीमागे, जिथे आरसा पोहोचत नाही.

शुक्रवारी कान तपासले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, काही नाही, जा घरी. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, सुटल्यासारखी, आणि मग कामावर गेले. डॉक्टर क्नाउपच्या खोलीत ताम्मो आधीच उभा होता.

"गाडी मंगळवारपासून शांत आहे," तो सांगत होता. "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. फ्राउ एबेर्लेंचा काही दोष नाही."

"मुद्दाम? कशासाठी?"

साहेबांनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या माझ्याकडे. माझं नाक अजून लाल होतं.

"तुमचं काय म्हणणं, फ्राउ एबेर्ले?"

"शांत," मी म्हणाले.

"शांत," ताम्मो म्हणाला.

"झाले चार कान. यान्सेन, लांब गाडीवरून तुम्हाला काढतोय. उद्याच सकाळी नवाच्या रेल्वेगाडीने स्वीडनला निघा. तिकडे मागे कुणी बसत नाही." साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "गाडी चालेल."

आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. तीन वर्षांच्या कामाचं ते फळ होतं, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.

शनिवारी जिना झाडायची पाळी माझी होती. इथे ती चुकवली तर शेजारी वर्षभर ऐकवतात. मी झाडू घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. सगळा राग कधीच ओसरला होता. उरली होती ती त्याची आरशातली नजर, आणि नवाची गाडी.

"अर्धाच जिना?" शेजारच्या फ्राउ हेफेले दारातून म्हणाल्या.

"उरलेला आल्यावर."

"कुठून आल्यावर?"

मी खाली पोहोचले होते.

तो त्याच्या घराजवळच्या बसथांब्यावर उभा होता, खांद्यावर पिशवी, केस ओले. मी माझी गाडी त्याच्यासमोर थांबवली. ही मात्र माझ्या आजोबांची, छोटीशी, चार माणसं बसली तर पाचवी हवासुद्धा मावत नाही अशी.

"बसा. स्टेशनवर सोडते."

मी चालवताना मागे बसायच्या सवयीने त्याने मागचं दार शोधलं. ते नव्हतंच.

"पुढे," मी म्हणाले.

तो पुढे बसला, आणि त्याचे दोन्ही गुडघे समोर दाणकन आपटले.

"तुझे पाय लांब झालेत की माझी गाडी आखूड झालीय?"

तो हसायला गेला आणि त्या "तुझे"वर अडकला. माझ्याकडे बघत राहिला. आरसा नव्हता मध्ये, काहीच नव्हतं. त्याच्या ओल्या कोटाचा वास येत होता.

"फ्रांका," तो हळूच म्हणाला. "माफ केलंस?"

"आधी एक काम आहे. गाडीत आवाज येतोय असं वाटतं. एकटीने ठरवता येत नाही. ऐक."

आम्ही निघालो. पूल ओलांडला, बाजार ओलांडला. तो मान तिरकी करून अगदी मन लावून ऐकत होता, आणि ह्या वेळी खोटं बोलायचं नाही हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. स्टेशन आलं. घड्याळात नवाला थोडा वेळ होता.

"मला काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "खरंच. गाडी शांत आहे."

मी कान दिला. आजोबांची गुणी गाडी, कुठे खुट्ट नाही. त्याने पिशवीचा पट्टा हातात घेतला.

"येतोय," मी म्हणाले. "मागून, उजवीकडून. बारीक आहे." आणि स्टेशनसमोरून गाडी पुन्हा रस्त्याला लावली. "अजून एक फेरी मारावी लागेल, ताम्मो. पुढची गाडी अकराला आहे."