जपानी गेमचा आवाज

धामणकर नाक्यावर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बाहेरदेशातला, टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेम घेऊन कुणी आलं की माझं डोकंच फिरतं. दापोड्याच्या गोदामांत भंगाराच्या लॉटमधून असली खोकी निघतात. पोरं हौसेनं उचलतात, थेट आपल्या करंटवर लावून जाळतात आणि मग येतात, "लडकूभाऊ, बघा ना!" अरे, काय बघू? राख?

आपला करंट कमी करायला त्याला आधी ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. मग टीव्हीवर चॅनेल हातानं शोधत बसायचं. सापडलं तरी चित्र काळं-पांढरं. आवाज तर येतच नाही. जपानी गेम आवाज एका जागी सोडतो आणि आपला जुना टीव्ही ऐकतो दुसऱ्याच जागी. कितीही आपटा, नुसती खरखर.

दोन हजार चारच्या मार्चमधली गोष्ट. दापोड्याच्या हौसावहिनींनी सकाळीच बोलावलं, केसरीनाथ शेठची बायको. त्यांचा कुणाल बापाशी भांडून घर सोडून गेलेला. ना फोन, ना निरोप. वहिनींना घरात पडलेला एक जपानी गेम जोडून हवा होता. तो कुणालनंच आणलेला, पण जोडायचा राहून गेला होता.

"आजच कशाला, वहिनी?"

"यांनी आज त्याचा पुतला जालायला नेलाय."

हरवलेल्या माणसाची आपल्यात बारा वर्षं वाट बघतात. मगच दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. कुणालला जाऊन तीनच वर्षं झालेली. पण निशाचं, त्याच्या बहिणीचं लग्न अडलं होतं. सोयरे म्हणत होते, मुलाचं काय ते आधी उरका. शेठना धीर निघाला नाही.

"माझा पोरगा जिता हाय," वहिनी ठणकावून म्हणाल्या. "जोड तू. येल तवा खेलंल."

मी जोडला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दोन माणसं उभी राहिली. खरखर सुरू झाली. या गेमला खेळायचे दोन रिमोट, त्यातल्या दुसऱ्यात एक बारकासा माइक असतो. त्यात बोललं की टीव्हीतून ऐकू येतं. तिकडे, जपानात. वहिनींना सांगितलं, इथं नाही चालणार. तरी त्यांनी तो तोंडाशी नेला.

"कुणाल, कुठं हास रं?"

खरखर थांबली.

"आये, भाजतंय गं."

कुणालचाच आवाज. मी टीव्हीपासून मागे सरकलो. वहिनी मात्र टीव्हीच्या काचेवरून हात फिरवत होत्या, पोराच्या गालावरून फिरवावा तसा.

दारात शेठ उभे होते. मसणातून परतलेले, केस ओले, कपड्यांना धुराचा वास. त्यांनी ऐकलं होतं. धावत येऊन त्यांनी टीव्हीचा प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"भाजतंय," आवाज म्हणाला.

मी पळालो. खोटं कशाला बोलू, चपलाही तिथंच राहिल्या.

आठवडाभरात शेठचा फोन आला. कुणाल परत आला! सुरतेला मिलमध्ये होता, धडधाकट. मला रडूच फुटलं. पेढे घेऊन निघालो. वाटेत स्वतःला शिव्या घातल्या. शेजारचा रेडिओ असेल, लडक्या, आणि तू शेपूट घालून पळालास!

कुणाल ओटीवर बसला होता. उठून त्यानं मला मिठी मारली. अंग ऊबदार होतं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ओठ हलले. आवाज आला नाही.

"पुतला जालला त्या दिवसापासनं असाच हाय, त्यानं लिवून दावलं," शेठ खाली बघत म्हणाले. "डॉक्टर बोलतात, गल्याला काय न्हाय झालंय."

आतल्या खोलीतून हाक आली.

"आये, भूक लागली."

मी वाकून पाहिलं. टीव्हीचा प्लग जमिनीवर पडला होता.

वहिनी ताट घेऊन आल्या. तांदळाची भाकरी, माशांचं कालवण. कुणालनं हात पुढे केले. त्या त्याच्यासमोरून आत गेल्या, टीव्हीपुढे मांडी घालून बसल्या. घास मोडला, त्यावर फुंकर घातली आणि काचेला टेकवला.

हात मागे घेतला तेव्हा बोटं रिकामी होती. काच कोरडी होती.

"लडकूभाऊ," मागं न बघता त्या म्हणाल्या, "ओटीवर कोन बसलाय, त्याला जा म्हनावं. माझा पोरगा जेवतोय."