तिचा कॉल खाली आला

"उंची किती?" तिने विचारलं.

मी जिन्यात थांबलो. माझ्या एका हातात कीबोर्ड होता, खांद्यावर वायरींचं भेंडोळं. ती वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभी होती. हातात वही, वहीत पेन चाललेलं.

"पाच फूट सात," मी म्हणालो.

"नोकरी?"

"खाली, हिम्मतरावांकडे. कॉम्प्युटर दुरुस्ती."

"आणि मूळ गाव?"

"देगलूरजवळ... म्हणजे आजोबांचं. आमचा जन्म अंबरपेठेतलाच."

तेव्हा कुठे तिने वर बघितलं. एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने केस मागे सारले. कानात एक काळी चीज अडकवलेली होती आणि तिच्यावर निळा दिवा लुकलुकत होता. ती माझ्याशी बोलतच नव्हती. कानातल्या कुणाशी तरी बोलत होती.

मी खाली पळालो नाही, कारण जिना अरुंद होता आणि कीबोर्ड कठड्यात अडकला होता. बोलणं संपल्यावर ती हसायला लागली. वही छातीशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तुमचाही फॉर्म भरून ठेवू का?" ती म्हणाली. "अर्धा तर झालाच आहे."

ही भाग्यलक्ष्मी. हैदराबादेत, नल्लकुंट्याला, आमच्या दुकानाच्या बरोबर वर इंदुताईंचं वधूवर सूचक केंद्र होतं, तिथे ती कामाला होती. मला तिथल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बदलायला बोलावलं होतं. साल दोन हजार सहा. पुण्या-मुंबईची इतकी मुलं तेव्हा हैदराबादला कॉम्प्युटर कंपन्यांत येत होती की इंदुताईंचा फोन थांबत नसे. भाग्यलक्ष्मीचे दोन्ही हात टायपिंगला मोकळे राहावेत म्हणून इंदुताईंच्या मुलाने अमेरिकेहून तो बिनवायरचा हेडसेट पाठवला होता.

त्या हेडसेटने माझं आयुष्य बदललं, असं म्हणायला हरकत नाही. तो सारखा बिघडायचा.

खरं तर बिघडायचा नाही. तो एका वेळी एकाचाच असायचा. अमेरिकेतल्या मुलांचे फोन इंटरनेटवरून कॉम्प्युटरवर यायचे, इथल्यांचे मोबाईलवर. हेडसेट कॉम्प्युटरला जोडलेला असला की मोबाईल वाजत राहायचा आणि तिच्या कानात काहीच येत नसे. मोबाईलला जोडला की अमेरिकावाला कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून साऱ्या ऑफिसला आपली रास आणि नक्षत्र सांगायचा. मग मी कॉम्प्युटरला ब्लूटूथची काडी लावली आणि अशी सोय केली की मोबाईलचा आवाजही आधी कॉम्प्युटरवर यावा आणि तिथून तिच्या कानात जावा. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ती खाली आली.

"एकनाथराव, आवाज परत हरवला."

"बघतो, मॅडम."

"मॅडम काय! मी काय शाळा घेते का? नाव आहे मला."

"मोठं आहे."

"मग सावकाश घ्या ना. घाई कायकू?"

मी सावकाश घ्यायला लागलो. दुरुस्तीही सावकाश करायला लागलो. हिम्मतराव स्टुलावर बसून चहा पीत म्हणायचे, "मियाँ, पाच मिनिटांचं काम अन् दीड तास. त्या पोरीच्या कानाला काय मदरबोर्ड लावतो का?"

पण मला एक त्रास सुरू झाला होता. ती हसली की कळायचं नाही, कुणासाठी हसली. मी काहीतरी बोलायचो, तिचा चेहरा उजळायचा, मी खूश व्हायचो... आणि ती म्हणायची, "हो, ऐकतेय ना, बोला." माझ्याकडे बघत असायची, पण कान दुसरीकडे असायचे. मी त्या निळ्या दिव्याचा राग करायला लागलो. आणि त्या दिव्यातून सगळ्यात जास्त यायचा तो चिन्मय.

चिन्मय पुण्याचा, इकडे माधापूरला मोठ्या कंपनीत. महिन्यापूर्वी नाव नोंदवलेलं. तेवढ्यात सतरा मुलींची माहिती ऐकून झाली होती आणि एकही पसंत नव्हती. रोज दुपारी तीनच्या सुमारास फोन करायचा. इंदुताई एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "त्याला मुली नको आहेत. त्याला माहिती वाचून दाखवणारी हवी आहे." भाग्यलक्ष्मी लाजली नाही, पण तिने नाकारलंही नाही.

त्याच्याशी बोलताना तिची भाषाच बदलायची. माझ्याशी "हौ" आणि "नक्को" करणारी ही मुलगी त्याला म्हणायची, "छे हो, तसं नाही काही." स्वच्छ, पुण्यासारखं. मी टेबलाखाली वाकून वायर शोधत असायचो आणि माझे कान तापायचे. एकदा मी बोललोच.

"त्याच्याशी फार नटून बोलता."

"नटून?"

"भाषा. इस्त्री केल्यासारखी."

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलाखालीच होतो.

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला काय... आवाज नीट जातो का बघत होतो."

"मग आवाज बघा. बोलणं नक्को ऐकू."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बिघाड. या वेळी दोष मोबाईलचा आहे की वरच्या कॉम्प्युटरचा, ते कळेना. म्हणून मी तिचा मोबाईल खाली आणला आणि आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरशी जोडून पाहिला. इथे तो छान चालला. म्हणजे दोष वरच्या कॉम्प्युटरमध्ये. मी मोबाईल परत दिला. पण आमच्या कॉम्प्युटरमधून तिच्या मोबाईलचं नाव काढायला विसरलो. ब्लूटूथ दहा मीटर जातं, आणि तिचं टेबल आमच्या छताच्या बरोबर वर होतं. या धंद्यातल्या माणसाने असली चूक करू नये. मी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा कॉम्प्युटर बंद पडला. हिम्मतराव जेवायला गेले होते. मी एकटाच होतो. एकदम आमच्या कॉम्प्युटरचे स्पीकर वाजायला लागले आणि पडद्यावर चौकट आली. तिच्या मोबाईलने ओळखीचा दुसरा कॉम्प्युटर शोधला होता, आणि तो माझ्यासमोर होता. चौकटीत नाव होतं चिन्मयचं. खाली दोन बटणं. घ्या, नाहीतर सोडा.

सोडायला हवं होतं. तिने वर मोबाईल उचलून घेतला असता. मी 'घ्या' दाबलं.

"हॅलो, भाग्यलक्ष्मी?" त्याचा आवाज दोन्ही स्पीकरमधून दुकानभर झाला. "तुम्ही आधी काही बोलू नका. मला बोलू द्या, नाहीतर राहून जाईल. त्या सतरा जणींचे फोटो मी उघडलेलेच नाहीत. मी फोन करतो तो... तो तुमच्याशी बोलायला. इंदुताईंना आवडणार नाही, माहीत आहे मला. पण रविवारी भेटाल का? काचीगुड्याला, स्टेशनसमोर ते उडप्याचं हॉटेल आहे ना, तिथे. चार वाजता. हॅलो?"

जिन्यातून तिचा आवाज येत होता. "हॅलो... हॅलो... अहो, काहीच येत नाही!" मोबाईल तिच्या कानाला होता आणि त्याचं बोलणं माझ्यापाशी होतं.

चांगला बोलला होता तो. वाईट बोलला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "त्यांचं लग्न ठरलंय."

"कोण बोलतंय?"

"ज्याच्याशी ठरलंय तो."

आणि बंद केलं. मिनिटभराने ती जिना उतरून आली, मोबाईल माझ्यासमोर धरून.

"हे बघा. दीड मिनिट कॉल झाला म्हणतोय. मी एक शब्द ऐकला नाही. कुठे गेला आवाज?"

"नेटवर्क," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि वर गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता, दुरुस्तीच्या बाबतीत तरी. ते मला सहन झालं नाही. मी दहा मिनिटं स्क्रू ड्रायव्हर हातात फिरवत बसलो आणि मग वर गेलो. इंदुताई बँकेत गेल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, रविवार, चार वाजता, हॉटेल सगळं. आणि मी काय बोललो तेही.

ती ओरडली नाही. तिने कानातला हेडसेट काढून टेबलावर ठेवला. इतक्या दिवसांत तिचा तो कान मी पहिल्यांदा मोकळा पाहिला. लालबुंद झाला होता.

"मला विचारलंत?"

"नाही."

"त्याला नाही म्हणायचं होतं की हो, ते माझं मी सांगितलं असतं. तुम्ही कोण?"

मी दाराकडे वळलो.

"थांबा इथेच," ती म्हणाली. तिने चिन्मयला फोन लावला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. "चिन्मय, भाग्यलक्ष्मी बोलतेय. माझं लग्न ठरलेलं नाही. आमच्या खालच्या दुकानातल्या माणसाने तुमचा कॉल घेतला आणि खोटं सांगितलं. तो समोरच उभा आहे. रविवारी चारला येते मी."

"नक्की?" चिन्मय म्हणाला. त्याचा आनंद स्पीकरमधून टेबलावर सांडला.

"नक्की."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरमधून माझं नाव काढून टाका. आत्ता."

मी खाली आलो आणि काढून टाकलं. एक बटण दाबायचं असतं. मला बराच वेळ लागला.

रविवारी दुकान बंद असतं. मी किल्ली मागून घेतली आणि आत जाऊन बसलो. चारला दहा कमी असताना मी माझा मोबाईल बंद केला. तिकडून काही बातमी येणार असेल तर ती मला नको होती. माझ्या डोळ्यांसमोर ते दोघं इडली खात होते. तो विनोद करत होता. ती हसत होती, आणि या वेळी कानात काही नव्हतं, सगळं हसू त्याचंच. मी तीन जुने कॉम्प्युटर खोलले आणि एकही परत जोडू शकलो नाही.

सोमवारी सकाळी ती खाली आली. हिम्मतराव समोरच बसले होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"काल फोन का बंद होता तुमचा?"

"चार्जिंग नव्हतं."

"परत खोटं?"

"मी बंद केला होता."

"हं." ती काउंटरला टेकली. "चिन्मयना मी नाही म्हटलं."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. "का?"

"ते तुम्हाला कशाला सांगू? चांगला माणूस आहे तो, तुमच्यापेक्षा सरळ. आता विचारा."

"काय विचारू?"

"अय्यो! जे त्याला परस्पर सांगून बसलात, ते मला विचारा की एकदा."

हिम्मतराव म्हणाले, "विचार ना मियाँ, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी विचारलं. पडलेला स्क्रू शोधत, अर्धा वाकून. "माझ्याशी... लग्न करशील का? म्हणजे कराल का?"

"आठ दिवसांनी सांगते."

"आठ दिवस?"

"तुम्ही दीड मिनिटात ठरवलंत. मला आठ दिवस लागतील."

आणि तिने खरंच आठ दिवस घेतले. रोज जिना चढता-उतरताना दुकानात डोकावायची, हिम्मतरावांना नमस्कार करायची आणि माझ्याकडे न बघता जायची. नवव्या दिवशी थांबली. "रविवारी बाबांना भेटायला या," म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घाला. आणि तिथे तरी खरं बोला."

आमचं लग्न पुढच्या फेब्रुवारीत झालं. सतरा वर्षं संसार केला. भाग्यलक्ष्मी जाऊन आता चौदा महिने झाले.

मागच्या महिन्यात चिन्मयचा फोन आला. त्याला उशिरा कळलं होतं. मी त्याच्याशी त्या दुपारनंतर कधीच बोललो नव्हतो. माफी मागायचं मनात होतं, पण तो मागू देईना.

"तुम्हाला एक विचारू?" मी म्हणालो. "त्या रविवारी काय झालं? तिने मला कधीच सांगितलं नाही. म्हणायची, रोजचाच ड्रेस घालून गेले होते, कॉफी प्यायले आणि आले."

तो म्हणाला, "ड्रेस नव्हता. नारायणपेठी साडी होती, वांगी रंगाची. आणि कॉफी तशीच राहिली. माझ्याशी बोलत होत्या, पण मोबाईल टेबलावर उताणा ठेवला होता आणि दर मिनिटाला बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, त्यांनाच लावा ना फोन. लावला त्यांनी. दोनदा. बंद लागला. मग म्हणाल्या, 'बघा, हा माणूस असा आहे. काय करू मी याचं?' आणि इतक्या हसल्या... मला तेव्हाच कळलं, माझं काही खरं नाही."

त्याने "हॅलो, ऐकताय ना?" असं दोनदा विचारलं.

ऐकत होतो. वांगी साडीत ती समोर बसून माझ्याबद्दल हसली होती, आणि ते बघायला तो होता. मी इकडे फोन बंद करून बसलो होतो. दिवसभर मला त्याचा राग येत राहिला. संध्याकाळी मीच त्याला पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, अजून काय आठवतं तुम्हाला, सांगा.