तिरकी दोरी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ब्रांदुर विनिपेग सरोवरावर गेला तो खरं तर शेगडी घरी आणायला. बर्फावरची त्याची मासेमारीची खोपी सोमवारी ओढून किनाऱ्यावर आणायची होती. त्याआधी आतली शेगडी, काठ्या, डबे काढायचे, एवढंच काम. पण छातीचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेले, म्हणून त्याची बायको लिना त्याला एकट्याला सोडेना. तिने आपली धाकटी बहीण ओडनी सोबत दिली. ओडनी शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच निवृत्त झालेली, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. ब्रांदुर आणि ती एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे मेहुणा-मेहुणीच्या थट्टेला आणखी जुनी धार होती.

ऑपरेशनपासून ब्रांदुरला एक सवय लागली होती. तो मनातल्या मनात सगळ्याचे आभार मानायचा. कॉफीचे, बुटांच्या नाड्यांचे, जिना चढून गेल्यावर अजून चालू असलेल्या श्वासाचे. ओडनी म्हणायची की आता हा माणूस एक दिवस झाडूच्याही पाया पडणार.

ओडनीने बर्फगाडी चालवली, ब्रांदुर मागे बसला. पश्चिमेचा वारा पाठीवर होता, जोरदार, पण थंडी बोचणारी नव्हती. खोपी किनाऱ्यापासून दोन मैलांवर. पोचले तेव्हा सूर्य मावळायला तासभर होता, आणि हा तास म्हणजे पिकरेलचा. मोठ्या काचेसारख्या डोळ्यांचा हा मासा भर उजेडात दडून बसतो आणि उजेड विझू लागला की खायला निघतो. ब्रांदुरने शेगडी उचलण्याऐवजी पेटवली. ओडनीने कपाळाला आठ्या घातल्या, पण तीही याच गावची. तिने गिरमिट घेतलं आणि खोपीतली गोठलेली दोन्ही भोकं पुन्हा पाडली. बर्फाचा चिखल झाऱ्याने काढला.

खाली चौदा फुटांवर मऊ गाळ. त्या टापूत तळाला दगड नाही, लाकूड नाही. ब्रांदुरच्या वडिलांनी तिथे चाळीस वर्षं जाळी लावली, एकदाही अडकली नाहीत.

ब्रांदुरने शिशाच्या डोक्याच्या गळाला बारीक मासळीचं मुंडकं टोचलं आणि ओडनीला कृती सांगितली. गळ तळाला टेकवायचा. मग अर्धा हात झटक्याने वर, आणि दोरी सैल सोडून पडू द्यायचा. तळावर दोनदा आपटायचा, म्हणजे गाळ उडतो आणि लांबच्या माशाला वाटतं इथे कुणीतरी काहीतरी खातंय. मग वीतभर उचलायचा आणि थांबायचं. अगदी स्तब्ध.

"मासा हलवण्याला येतो," तो म्हणाला, "पण धरतो तो थांबण्याला. तुला हलवणं जमेल."

"आणि थांबणं?"

"साठ वर्षांत तर पाहिलं नाही."

ओडनी हसली आणि मग हट्टाने, खरोखरच, गप्प बसली. शेगडीत लाकूड तडकत होतं. ओल्या लोकरीचा आणि मासळीचा वास खोपीत दाटला होता. बाहेर वारा पत्र्यावर थाप देत होता आणि मधूनच बर्फ खोल आवाजात कण्हत होतं. मोठ्या सरोवराचं बर्फ कण्हतंच. तिथल्या माणसांना त्यात नवल नसतं.

अर्धा तास गेला. एकही मासा नाही.

ब्रांदुर गळ स्तब्ध धरून बसला होता. काठीचं टोक हललं. माशाच्या हिसक्यासारखं नव्हे. दोरी एकाएकी सैल झाली, जणू गळ खालून कुणी अर्धा हात वर उचलला. मग ती ताणली गेली. आणि काठीतून त्याच्या मनगटाला दोन हलके ठोके बसले.

टक्. टक्. मग स्तब्ध.

त्याने वर पाहिलं. ओडनी आपल्या भोकात टक लावून बघत होती.

"ब्रांदुर... मी हलवत नाहीये."

तिची दोरी सैल झाली, ताणली, दोनदा ठोकली.

मग ब्रांदुरने दोरी हळूच वर ओढली. ती येईना. मासा असता तर डोकं झटकलं असतं. दगड असता तर दोरी कडक लागली असती. हे तसं नव्हतं. आपण ओढलं की थोडं यायचं आणि पुन्हा तेवढंच परत जायचं, जसं निघालेल्या पाहुण्याचं मनगट एखादा न दुखवता धरून ठेवतो.

"तुझी?" त्याने विचारलं.

"धरलीय..." ओडनी कुजबुजली. "आणि ही बघ कशी जातेय."

मघाशी भोकाच्या मधोमध सरळ उतरलेली दोरी आता तिरकी झाली होती. किनाऱ्याकडच्या कडेला घासत होती. ब्रांदुरची दोरीही त्याच बाजूला. दोघांच्या देखत दोन्ही आणखी तिरक्या झाल्या आणि रिळांतून दोरी आपोआप कुरकुरत सुटू लागली.

ओडनीला वाटलं, खालून कुणीतरी गळ किनाऱ्याकडे ओढून नेतंय. ब्रांदुरने दोरीवर बोट ठेवलं आणि तिचा कल भोकाच्या कडेशी ताडून पाहिला.

"गळ हलत नाहीये," तो म्हणाला. "आपण हलतोय."

पश्चिमेच्या वाऱ्याने बर्फ किनाऱ्यापासून तोडलं होतं. मैलभर रुंदीचा तो तुकडा त्यांना घेऊन उघड्या सरोवराकडे निघाला होता, इतका अलगद की शेगडीवरच्या कपातली कॉफीही हलली नव्हती.

त्यांनी काही उचललं नाही. ओडनीने त्याला हाताला धरून गाडीवर बसवलं आणि किनाऱ्याकडे सुसाट निघाली. पाऊण मैलावर भेग दिसली. काळं पाणी, अडीच-तीन हात, वाफाळणारं. तिने वेग कमी केला नाही. "छाती सांभाळ," एवढंच म्हणाली. गाडी उडाली, मागचा भाग पाण्यात आपटला, पट्टा फिरला, आणि ती पलीकडच्या कडेवर चढली. थांबून त्यांनी मागे पाहिलं तोवर भेगेचा रस्त्याएवढा पाट झाला होता. दहा मिनिटं उशीर झाला असता, तर त्या पाण्यात ब्रांदुरचं शिवलेलं काळीज एक मिनिटही टिकलं नसतं.

ओडनी रडत होती. ब्रांदुरने टोपी काढली आणि पाण्याच्या दिशेने मोठ्याने, पहिल्यांदाच मोठ्याने, आभार मानले. कुणाचे ते त्याला माहीत नव्हतं. वडिलांच्या वेळी या सरोवरात बुडालेले कोळी त्याने एकेक करून आठवले. त्यातल्या कुणाचं नाव घ्यावं ते कळेना, म्हणून त्याने सगळ्यांची घेतली.

तीन दिवसांनी वारा फिरला आणि तो तुकडा परत येऊन किनाऱ्याच्या बर्फाला भिडला, गोठून पक्का झाला. गावकऱ्यांनी आधी बर्फ ठोकून पाहिलं, मग ते खोपी आणायला गेले. लिना नको नको म्हणत असताना ब्रांदुर आणि ओडनीही गेले. खोपीचं दार लावलेलं होतं. शेगडी गार पडली होती. रात्री पाणी गोठवणारी थंडी पडूनही दोन्ही भोकं उघडी होती, कडा झाऱ्याने साफ केल्यासारख्या. आणि बाकावर नऊ पिकरेल ओळीने ठेवलेले, डोकी किनाऱ्याकडे, अजून मऊ.

गावकऱ्यांनी ब्रांदुरची पाठ थोपटली. चांगला हात मारलास, म्हणाले. त्याने मासे डब्यात भरले.

लिनाला दोऱ्यांची सगळी हकीकत कळली होती. घरी ओडनी ते मासे सरोवरात परत टाकायचं म्हणत होती. लिनाने ऐकून घेतलं नाही. "ज्याने माझा नवरा परत पाठवला," ती म्हणाली, "त्याने वाढलेलं मी नाकारायची नाही." तिने तवा तापत ठेवला, लोणी टाकलं, टेबलावर एक जास्तीचं ताट मांडलं.

ब्रांदुर दिव्याखाली मासे साफ करायला बसला. सवयीने त्याने एकेकाचा जबडा उघडून पाहिला. नऊपैकी एकाच्याही ओठात गळाचं भोक नव्हतं. जाळ्याचा वळही नव्हता. फक्त कल्ल्यांच्या मागे खवले दबले होते. एका बाजूला एक खड्डा, दुसऱ्या बाजूला चार.

त्याने आपला हात तिथे ठेवून पाहिला. चाळीस वर्षं जाळी ओढलेला, गावात सर्वांत मोठा म्हणून चेष्टा व्हायची असा त्याचा पंजा.

अंगठा एका खड्ड्यात बसवला, तर बोटं उरलेल्या चारांपर्यंत पोचेनात.