हरवलेला खांदा

महान कला जपणं ही अवघ्या मानवजातीची जबाबदारी असते. न्यूझीलंडातल्या हॉर्नबी उपनगरात, मेधाच्या घरी ही जबाबदारी गॅरेजमधल्या टेबलावर, वाळत घातलेल्या मोज्यांखाली ठेवलेली होती.

शनिवारी दुपारची जेवणं झाल्यावर पाहिलं, तर मोजे होते. जबाबदारी गायब.

मेधा चित्रांना फ्रेम करून द्यायची, आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. लिओनार्दोने पाचशे वर्षांपूर्वी काढलेल्या खांद्याच्या स्नायूंची, कुण्या जुन्या विद्यार्थ्याने शाईने केलेली नक्कल. कातडी सोललेला एकच खांदा, वळत वळत चारही बाजूंनी. तिच्या धाकट्या मुलाच्या, समीरच्या मते ते तंदुरी चिकन होतं. बारा वर्षांची लेक इरावती मात्र आरशासमोर स्वतःचा हात फिरवून चित्रातला एकेक स्नायू शोधत बसली होती.

चित्राच्या मालकीणबाई, जवळच्याच रिकार्टनच्या एक निवृत्त डॉक्टर, चहाच्या वेळेला येणार होत्या. चित्र हरवल्याचं बाहेर फुटलं, तर मेधाच्या हाती पुन्हा कुणी कॅलेंडरसुद्धा देणार नव्हतं. गॅरेजचं दार तिनेच उघडं टाकलं होतं, म्हणून ती वाऱ्याला शिव्या देत रस्ताभर कागद शोधत फिरत होती.

समीरला वारा मंजूर नव्हता. त्याला चोर हवा होता.

"चोर असता तर चित्राखालचे टिश्यू पेपर कशाला नेले असते?" इरावती म्हणाली.

"मेबी त्याला सर्दी झाली असेल."

ती घरात वळली आणि पॅसेजमध्येच थबकली. खुर्चीवर आजोबांची पँट पडली होती, चुरगळलेली.

बाळासाहेब आजोबांचा इस्त्रीवर विश्वास नव्हता. साताऱ्यात काय आणि न्यूझीलंडात काय, पँट घडी करून गादीखाली घालायची आणि वर झोपायचं. त्या पँटला जागा सोडावी लागली, म्हणजे तिथे दुसरं कुणीतरी राहायला आलं होतं. इरावतीला सकाळ आठवली. आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, की कागदाला पोक आलाय, सपाट कसा करू? आणि आजोबा चित्रासमोर उभे राहून आपला खांदा चेपत होते. "दुखतं ते हेच बघ," म्हणाले होते.

तिने खोलीचं दार हळूच ढकललं. आजोबा घोरत होते. जुलैची थंडी, म्हणून खांद्याखाली गरम पाण्याची पिशवी. तिचं बूच कालपासून सैल होतं. चादरीवर पुरीएवढा ओला डाग पडला होता, आणि पुरी फुगत होती.

"वेक हिम अप," समीर कुजबुजला.

इरावतीने त्याचं तोंड दाबलं. दचकून उठले, तर आजोबांचा सगळा भार त्या पिशवीवर येणार. शाई, पाणी, आणि आईचं काम. त्यांनी आपणहून, सावकाश उठायला हवं होतं.

ती पॅसेजच्या टोकाला गेली आणि रिकाम्या बाथरूमचा दिवा लावला. मग पंखा. मग हीटर.

घोरणं थांबलं.

"कोण गेलंय रे चालू ठेवून?" डोळे न उघडता आजोबा म्हणाले. कूस बदलून ते बसते झाले, पायाने रबरी चपला, इथल्या भाषेत जँडल्स, चाचपल्या आणि फुकट चाललेल्या विजेच्या दिशेने निघाले.

इरावतीने पिशवी उचलली, समीरने गादी. दोन पुठ्ठे, मध्ये टिश्यू, त्यात खांदा. वरचा पुठ्ठा एका कोपऱ्यात ओला झाला होता. तिने टिश्यू बाजूला केला.

कागद कोरडा होता. आणि काचेसारखा सपाट.

मेधा पांढरीफटक होऊन परतली ती डॉक्टरबाईंच्या मागोमागच. चित्र टेबलावर होतं. बाईंनी वाकून चारही कडा पाहिल्या आणि कागद इतका सुंदर कसा सपाट केला, असं विचारलं. मेधाने लेकीकडे पाहिलं. इरावतीने गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं, की ही आमच्याकडची पारंपरिक पद्धत आहे आणि त्यासाठी अनुभवी माणूस लागतो. बाईंनी आणखी दोन चित्रं द्यायचं तिथेच कबूल केलं.

त्या गेल्यावर सगळा उलगडा झाला. मेधाने लेकीला घट्ट जवळ घेतलं. कौतुक केलं ते आजोबांनी.

"पोरगी हुशार आहे. फक्त दिवे बंद करत नाही."

महिन्याभराने डॉक्टरबाईंनी फ्रेम भिंतीवर लावल्याचा फोटो पाठवला. चित्र पाहुण्यांच्या टॉयलेटमध्ये होतं, रोलच्या वर.