पंख्याची दोरी

सत्तावन्न सालच्या वैशाखात मथुरा आरोंद्याहून बैलगाडीने निघाली, ती सात महिन्यांच्या लवूला दवाखान्यात दाखवायला. तीन दिवस ताप हटत नव्हता. अंगारे झाले, काढे झाले. नवरा मुंबईला, धीर द्यायला घरात कोणी नाही.

खाडीकाठचा तो दवाखाना संस्थानच्या काळातला. जांभ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, उंच कमानी, आणि वर कौलांखाली भरदुपारीही काळोख. फिनेलचा वास, त्याखाली ओल्या चुन्याचा. डॉक्टर सुई टोचून गेले. वारा कसा तो नव्हता. लवू मान टाकून पडला होता.

तेवढ्यात वर करकरलं. आढ्याला टांगलेला झालरीचा जुना पंखा हलू लागला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेली होती. पलीकडून कोणीतरी ती सावकाश ओढत होतं. लवूचं जावळ भुरभुरलं. मथुराला रडूच आलं. भोकाकडे तोंड करून ती म्हणाली, "थांबा नकात हां, बाबानू... माझ्या झिलासाठी थांबा नकात."

दोरी आणखी जोराने ओढली गेली.

चारच्या सुमारास ताप उतरला. मथुराने लवूला उचलून घेतलं, तसा पंखा थांबला. आया राधाबाई पेज घेऊन आली.

"भायर पंखो ओढतत, त्यांकाय थोडी दी गो," मथुरा म्हणाली.

"खुळी काय गो तू?" राधाबाई हसली आणि तिने त्याच भिंतीतली खिडकी उघडली. खाली सरळ खाडीचं पाणी. "व्हरांडो खंय आसा? बारा वर्सांमागे पावसात कोसाळलो. पंखेवालो बाबली पण तेच्याच वांगडा पाण्यात गेलो. डॉक्टरान तेका सांगलेला, माझो शब्द येयपर्यंत थांबा नको..." तिचा आवाज उतरला. "शब्द काय इलो नाय."

मथुरा मागे न बघता गाडीत बसली.

दिवेलागणीला घरी पोचून तिने लवूला पाळण्यात निजवलं. दिवा लावून येते तो पाळणा हलतोय. करकर... करकर... पाळण्याची दोरी खिडकीच्या दिशेने ताणलेली. टोकाला कोणी नाही.

तिने हात जोडले. "पुरे आता, बाबानू... बसा जरा."

दोरी सैल पडली. पाळणा थांबला. लवू कण्हला. तिने कपाळाला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग वाकून तिने दोरीचं टोक उचललं, खिडकीच्या गजांतून बाहेर सोडलं आणि डोळे गच्च मिटले.

"ओढा..."

अंगणात कोणी नव्हतं. दोरी ताणली गेली.