धुतलेलं पाणी स्वच्छच येतं

ज्यांना पटणार नाही, त्यांनी माझ्या घरी यावं आणि धाकट्या सुनेचे हात बघावेत.

रात्रबित्र नव्हती. शुक्रवार, भरदुपार. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली सगळी जेवायला गेलेली.

माझ्या दोन्ही सुना तिथेच कामाला. थोरली मागच्या हिवाळ्यात तापाने गेली.

तिथे औषध बनवायला एक महागडा धातू लागतो. तो औषधातच मिसळून राहायचा. काढता काढता नाकी नऊ यायचे, वर घाण पाणी नाल्यात. थोरलीने तो धातू साखरेएवढ्या पांढऱ्या दाण्यांवर पक्का बसवला. काम झालं की दाणे गाळा, धुवा, पुन्हा वापरा.

“दाणे धुतलेलं पाणी स्वच्छ आलं, की धातू चिकटला समजायचं,” ती म्हणायची.

मी तिचं कौतुक करायची. तेही धाकटीच्या तोंडावर.

“नाहीतर तू! तुला मेलीला चहा धड गाळता येत नाही.”

धाकटी आतल्या आत जळायची.

थोरली गेली आणि हिने तिची वही पळवली. सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवलं, वही फाडून टाकली. सोमवारी साहेबांपुढे ती रीत स्वतःची म्हणून दाखवायची होती. बढती त्यावरच होती.

त्या दुपारी तिची शेवटची तालीम. धातूने काळेकुट्ट झालेले दाणे तिने गाळणीत धुतले. पाणी उतरलं... काचेसारखं स्वच्छ.

“बघा जाऊबाई,” ती हसली, “आता हे माझं.”

टिक... टिक... टिक...

गाळणीच्या कडेवर नखाने तीनदा वाजवायची सवय एकाच बाईला होती.

तिने मागे पाहिलं.

कुणी नाही.

थोरलीचा पांढरा कोट अजून खुंटीवर असायचा. सकाळीही होता.

आता... नुसती खुंटी.

वरच्या पंख्याची घरघर थांबली.

टिक... अगदी कानाशी.

तिने गाळणीत पाहिलं. दाणे पांढरेफटक. धातूचा कण नाही. खालचं पाणीही स्वच्छ.

मग धातू गेला कुठे?

तिने हात वर केले...

दहाही बोटांची टोकं काळी.

घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिने सगळं कबूल केलं. मी साबण लावला, राख लावली, दगडाने घासलं. कातडी सोलली. पाणी मात्र स्वच्छ.

सोमवारी तिने साहेबांना थोरलीचं नाव सांगितलं. तरी बोटं तशीच.

मी म्हटलं, चोरी हिने केली, हिने भोगावं. माझा काय संबंध?

काल मी चहा गाळत होते. घरात एकटीच.

टिक... टिक... टिक...

आज सकाळी आरशात जीभ पाहिली. टोक काळं.

तेव्हापासून चुळा भरतेय.

पाणी स्वच्छच येतंय.