घंटीनंतरची फुंकर

धुतलेले कपडे वहिनीच्या हाती द्यायचे आणि परत फिरायचं, एवढ्याच कामासाठी धाकटा भाऊ त्या दुपारी रुग्णालयात गेला. पण वहिनीने त्याला थांबवून घेतलं. दादा उघड्या डोळ्यांनी पडला होता. नजर मात्र कशावरच नव्हती. गळ्यातल्या नळीतून यंत्र त्याला श्वास देत होतं. ते यंत्र बंद करायचं का, हे आज ठरणार होतं.

त्याआधी डॉक्टरबाईंना एक शेवटची परीक्षा घ्यायची होती. त्यांनी पंखा आणि खिडकी बंद केली. दादाच्या डोळ्यापाशी एक बारीक नळी लावली.

"घंटी वाजेल, मागोमाग डोळ्यावर हवेची फुंकर येईल. फुंकरीने पापणी मिटते, ती कुणाचीही मिटेल. पण फुंकरीच्या आधीच, नुसत्या घंटीला मिटली, तर हे शिकले. आणि शिकायला आत कुणीतरी असावं लागतं."

"संसारात माझं कधी ऐकलं नाही," वहिनी म्हणाली, "घंटीचं बरं ऐकतील!" आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

घंटी वाजत राहिली. बाईंना ना घाई, ना कंटाळा. आधी पापणी उशिरा मिटायची. मग जराशी लवकर. मग घंटीसरशी.

"भाऊजी... बघितलंत?"

त्याने मान डोलावली. एवढ्याशा घंटीने बाईंनी बंद दाराआडचा माणूस शोधून काढला होता!

बाई नळी काढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. नळीवर चिमटा लावलेला होता.

"हा काढायचा राहिला माझ्याकडून," त्या हळूच म्हणाल्या. "हवा आलीच नाही."

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्याला वाटलं, आपण असतो तर बसलो असतो.

"मग फुंकर... कुणी...?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. पण हे शिकलेत, ते खोटं नाही. यंत्र चालू राहील."

वहिनीने हात जोडले.

बाईंनी नळी दूर ठेवली. "पुन्हा एकदा बघू. श्वास रोखा... दोघंही." त्यांनी स्वतःचाही रोखला.

घंटी वाजली.

दादाची पापणी मिटली. आणि त्यानंतर, अगदी क्षणभराने, त्याच्या भुवईचे केस तिघांच्या दिशेने वाकले. पलीकडे, पलंगाला चिकटून, नुसती भिंत होती.